मधला सी नक्की कितवा? मिडी नोटांच्या ऑक्टेव्ह-क्रमांकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पियानो रोलवर (सॉफ्टवेअरमधल्या, नोटा पट्ट्यांसमोर मांडून दाखवणाऱ्या खिडकीत) सी३, कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर सी४ आणि सोबत काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर सी५. पट्टी एकच (पियानोच्या मध्याजवळचा सी, म्हणजे मधला सी), आवाजही एकच. या एका गोष्टीवरून मला सतत प्रश्न येतात. काही नवशिक्यांचे असतात, काही अनेक वर्षं रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे क्रमाने लावले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी तीच पट्टी दाबतो, तरी एका सॉफ्टवेअरमध्ये सी३ आणि दुसऱ्यात सी४ दिसतं. माझा कीबोर्ड बिघडलाय का?

नाही. तुमचा कीबोर्ड मिडीने, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या ठरलेल्या संदेश-भाषेने बोलतो, आणि तिच्यातून नोटेचं नाव पाठवतच नाही. पट्टी दाबली की केबलमधून तीन बाइट जातात. पहिल्यात "नोट सुरू" हा संदेश आणि चॅनल असतो, दुसऱ्यात ० ते १२७ यांपैकी एक आकडा आणि तिसऱ्यात पट्टी किती जोरात दाबली ते. मधल्या सी-साठी तो आकडा ६० असतो. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड घ्या, त्याची ऑक्टेव्हची (सप्तक वर-खाली सरकवणारी) बटणं मूळ जागी असतील तर मधली सी पट्टी ६० च पाठवते.

सी३, सी४ ही नावं समोरचं सॉफ्टवेअर तो आकडा वाचल्यावर स्वतः तयार करतं, फक्त तुम्हाला दाखवण्यासाठी. नाव कसं तयार करायचं याच्या तीन पद्धती रूढ आहेत, म्हणून तीन ठिकाणी तीन नावं दिसतात.

२. मग या तिन्हींतलं बरोबर नाव कोणतं?

मिडीपुरतं बोलायचं तर तिन्ही बरोबर. पण त्यांचा उगम वेगवेगळा आहे आणि तो कळला की गोंधळ बराच निवळतो.

६० ला सी४ म्हणणारी पद्धत मिडीच्या आधीची आहे. १९३९ साली रॉबर्ट यंग यांनी अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या नियतकालिकात ती मांडली. ऐकू येण्याच्या खालच्या सीमेजवळचा, सुमारे १६ हर्ट्झचा सी हा सी० धरायचा आणि तिथून वर मोजत जायचं. असं मोजलं की मधला सी चौथा येतो. ध्वनिशास्त्राची आणि संगीतशास्त्राची पुस्तकं, ट्यूनर, ८८ पट्ट्यांच्या पियानोचं ए० ते सी८ हे वर्णन, सगळीकडे हीच पद्धत आहे. मिडीच्या जगात तिला रोलँडची पद्धत म्हणतात.

६० ला सी३ म्हणणारी पद्धत यामाहाच्या नावाने ओळखली जाते. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा पहिला सी, म्हणजे ३६, हा या पद्धतीत सी१ असतो आणि हाताखालच्या सप्तकांना १, २, ३ असे आकडे मिळतात. वापरायला ती सोयीची आहे, यात शंका नाही.

तिसऱ्या पद्धतीत ६० म्हणजे सी५. इथे हिशेब सगळ्यात सरळ आहे: आकड्याला १२ ने भागा, ६० भागिले १२ बरोबर ५. नोट ० म्हणजे सी०, त्यामुळे उणे सप्तक उरतच नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही पद्धत का आवडते ते सांगायला नको.

माझं मत विचाराल तर, लिहून कळवताना सी४ वापरा, कारण मिडीबाहेरच्या साऱ्या जगाशी तीच जुळते. आणि शेजारी ६० लिहा (प्रश्न २१).

३. मिडीचे नियम ठरवताना हे का ठरवलं नाही?

कारण त्या वेळी त्याची गरज नव्हती. जानेवारी १९८३ मध्ये नॅमच्या (अमेरिकेतल्या वाद्य-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या) प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं पाहिजे, हा सगळा आटापिटा होता. त्यासाठी आकडा जुळणं पुरेसं होतं. म्हणून मिडी १.० मध्ये मधला सी म्हणजे ६० एवढा संदर्भ आहे; त्या सी-च्या सप्तकाला कोणता क्रमांक द्यायचा हे बांधून दिलेलं नाही. पडद्यावर नोटांची नावं वाचत तासन् तास काम करण्याचे दिवस नंतर आले. तोवर प्रत्येक कंपनीची सवय आणि छापील पुस्तिका पक्क्या झाल्या होत्या.

४. कोणतं सॉफ्टवेअर कोणती पद्धत वापरतं?

सगळ्यांची यादी देत नाही. आवृत्ती बदलली की सेटिंगही बदलू शकतं. जे ठाम माहीत आहे ते असं.

एबलटन लाइव्ह, क्यूबेस, प्रो टूल्स, गॅरेजबँड आणि सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कॉन्टॅक्ट, यांच्यात ६० म्हणजे सी३. लॉजिक प्रोमध्ये मुळात सी३ असतं, पण सेटिंग्जच्या व्ह्यू भागात मधला सी "सी३ (यामाहा)" म्हणून दाखवायचा की "सी४ (रोलँड)" म्हणून, हे निवडता येतं. दोन्ही पर्यायांपुढे कंपन्यांची नावं लिहून हा वाद उघड मान्य केल्याबद्दल मला त्या सेटिंगचं कौतुक वाटतं. म्यूझस्कोअरमध्ये सी४. एफएल स्टुडिओमध्ये सी५. रीपरमध्ये ऑक्टेव्हचं नाव वर-खाली सरकवण्यासाठी प्रेफरन्सेसच्या मिडी पानावर एक आकडा भरायची सोय आहे.

कोड लिहून संगीत करणाऱ्यांसाठी: सॉनिक पायमध्ये सी४ म्हणजे ६०. सुपरकोलायडरच्या पॅटर्नमध्ये ऑक्टेव्हची मूळ किंमत ५ असते आणि तिथून ६० मिळतो. प्युअर डेटामध्ये थेट आकडेच लिहायचे असतात, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर यात नसेल तर तपासणं अवघड नाही. कीबोर्डची ऑक्टेव्हची बटणं शून्यावर आणा, मधला सी वाजवा (प्रश्न ५) आणि पियानो रोलमध्ये काय नाव आलं ते वाचा.

५. माझ्या कीबोर्डवर मधला सी कोणता?

८८ पट्ट्यांवर डावीकडून चौथा सी, म्हणजे चाळिसावी पट्टी. ७६, ६१ आणि ४९ पट्ट्यांवर साधारणपणे डावीकडून तिसरा सी. ४९ वर तर तो बरोबर मध्यावर येतो. २५ पट्ट्यांवर दुसरा सी, म्हणजे तेरावी पट्टी.

हे सगळं ऑक्टेव्हची बटणं शून्यावर असताना. त्या बटणांचा परिणाम नावावर होत नाही, खुद्द आकड्यावर होतो. एकदा वर दाबलं की ६० ऐवजी ७२ जातो आणि आवाजही एक सप्तक वर लागतो. छोट्या कीबोर्डवर काम करणाऱ्यांचा निम्मा गोंधळ पद्धतींमुळे नसतोच. आधीच्या गाण्याच्या वेळी दाबलेलं बटण तसंच राहिलेलं असतं.

६. आकड्यावरून नाव आणि नावावरून आकडा कसा काढायचा?

आकड्याला १२ ने भागा. बाकी उरते ती नोट सांगते: ० सी, १ सी-शार्प, २ डी, ३ डी-शार्प, ४ ई, ५ एफ, ६ एफ-शार्प, ७ जी, ८ जी-शार्प, ९ ए, १० ए-शार्प, ११ बी. भागाकारातून सप्तक मिळतं. सी५ पद्धतीत भागाकार तसाच ठेवा, सी४ पद्धतीत त्यातून १ वजा करा, सी३ पद्धतीत २.

उदाहरणार्थ ६७. बारा पंचे साठ, बाकी ७, म्हणजे जी. मग तो जी५, जी४ किंवा जी३.

उलट दिशेने, सी४ पद्धतीत: सप्तकाच्या क्रमांकात १ मिळवा, १२ ने गुणा, नोटेची बाकी मिळवा. ई२ साठी तीन गुणिले बारा छत्तीस, अधिक चार, म्हणजे ४०.

नेहमी लागणारे काही आकडे हाताशी असू द्या:

| मिडी आकडा | सी३ पद्धत | सी४ पद्धत | सी५ पद्धत |
|---|---|---|---|
| ० | सी उणे २ | सी उणे १ | सी० |
| २१ (८८ पट्ट्यांतली पहिली) | ए उणे १ | ए० | ए१ |
| ३६ | सी१ | सी२ | सी३ |
| ६० | सी३ | सी४ | सी५ |
| ६९ | ए३ | ए४ | ए५ |
| १०८ (८८ पट्ट्यांतली शेवटची) | सी७ | सी८ | सी९ |
| १२७ | जी८ | जी९ | जी१० |

शेवटची ओळ बघा. १२८ नोटा म्हणजे दहा पूर्ण सप्तकं आणि वर आठ नोटा, म्हणून यादी जी-वर तुटते. अनोळखी सॉफ्टवेअरची पद्धत ओळखायची ही जलद युक्ती आहे: पियानो रोल अगदी वर सरकवा आणि शेवटच्या जी-चा क्रमांक वाचा.

७. ए पासून सुरुवात होते ना? मग क्रमांक सी-ला का बदलतो?

अक्षरांची सुरुवात ए पासून होते, सप्तक-क्रमांकाची सी पासून. तिन्ही पद्धतींमध्ये हे सारखंच आहे. म्हणून बी३ च्या लगेच पुढे सी४ येतो आणि ए३ हा सी४ च्या फक्त तीन अर्धस्वर खाली असतो. "ए३ ते सी४" वाचून सप्तकभर अंतर आहे असं समजू नका.

८. ट्यूनर ए४ दाखवतो, सॉफ्टवेअर ए३. दोन्हींत ४४० हर्ट्झ आहे. कुणाचं ऐकू?

दोघं एकाच नोटेबद्दल बोलत आहेत: ६९. ट्यूनर सी४ पद्धतीने नाव देतो, तुमचं सॉफ्टवेअर सी३ पद्धतीने. खरं तर ही तुमच्यासाठी चांगली खूण आहे. ४४० हर्ट्झच्या नोटेला जे सॉफ्टवेअर ए४ म्हणेल त्यात मधला सी हा सी४, ए३ म्हणेल त्यात सी३, ए५ म्हणेल त्यात सी५.

कंपनसंख्या काढायचं सूत्र नावावर अवलंबून नाही. आकड्यातून ६९ वजा करा, उत्तराला १२ ने भागा, २ चा तेवढा घात घ्या आणि ४४० ने गुणा. ६० साठी २६१.६३ हर्ट्झ येतात. नोट ० साठी ८.१८, म्हणजे कानाला स्वर म्हणून ऐकूच न येणारी. १२७ साठी सुमारे १२,५४४.

९. नावं जुळावीत म्हणून मी ट्रॅक १२ अर्धस्वरांनी ट्रान्सपोज केला, म्हणजे सरकवला. चालेल ना?

कृपया करू नका. हे उत्तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

समजा होस्ट सॉफ्टवेअर (ज्यात वाद्याची प्लगइन उघडतात ते मुख्य सॉफ्टवेअर) सी३ दाखवतंय आणि त्यात उघडलेल्या प्लगइनच्या चित्रातला कीबोर्ड त्याच नोटेला सी४ म्हणतोय. दोघांकडेही ६० च आहे. इथे काहीही चुकलेलं नाही. तुम्ही ट्रान्सपोज उणे १२ केलं की प्लगइनला ४८ जातो, त्याच्या चित्रावर सी३ उजळतो, दोन्हीकडे "सी३" दिसतं आणि मनाला बरं वाटतं. पण आता आवाज खरोखर एक सप्तक खाली गेलेला असतो. बासरीचा खालचा भाग तिच्या रेंजबाहेर जाऊन गप्प होतो, कीस्विच (प्रश्न १३) भलत्याच पट्टीवर जातात, आणि प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती गेला की त्याला हा ट्रान्सपोज का केला आहे ते कळायचा मार्ग नसतो.

मी हे स्वतः केलेलं आहे. एका तंतुवाद्यांच्या तुकड्यात चार ट्रॅक मी असे "दुरुस्त" केले आणि पाचवा विसरलो. मिक्स करायला बसल्यावर डबल बेस आणि चेलो यांच्यात मोकळी जागा का वाटतेय ते शोधण्यात रात्र गेली.

नाव चुकीचं वाटलं तर नाव दाखवण्याचं सेटिंग बदला. आवाज चुकीचा वाटला तरच ट्रान्सपोजला हात लावा.

१०. सेटिंग बदललं तर जुने प्रोजेक्ट बिघडतील का?

नाही. प्रोजेक्टमध्ये आकडे साठवलेले असतात, सेटिंगने फक्त पाट्या बदलतात. पण तुमच्या हाताने लिहिलेला मजकूर मागे राहतो: ट्रॅकला दिलेलं "कीस्विच सी० ते एफ०" असं नाव, टिपणं, मार्कर. ते कुणी आपोआप बदलत नाही. पद्धत बदललीत त्या दिवशी ही टिपणंही एकदा चाळा.

११. मी मिडी फाइल पाठवली तर समोरच्याकडे एक सप्तक सरकेल का?

फाइलमध्येही आकडेच असतात, त्यामुळे नावांच्या भांडणाने आवाज सरकत नाही. तरीही समोरच्याला खरोखर एक सप्तक वर किंवा खाली ऐकू येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

सगळ्यात जास्त वेळा सिंथचा ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारा भाग) कारण असतो. तिथे ऑर्गनच्या नळ्यांपासून आलेली फुटांची मापं लिहिलेली असतात: ८ फूट म्हणजे पट्टीप्रमाणे आवाज, १६ फूट म्हणजे एक सप्तक खाली, ४ फूट म्हणजे एक सप्तक वर. तुमच्या बेसचा आवाज १६ फुटांवर होता आणि समोरच्याने ८ फुटांचा प्रीसेट लावला, तर फाइल तीच असूनही बेस वर जाणार. त्याखालोखाल ट्रॅकवरचा ट्रान्सपोज. सहसा तो पट्टी वाजताना लागू होतो आणि फाइल बाहेर काढताना कधी आकड्यांत मिसळला जातो, कधी नाही. आणि वाद्य एक सप्तक सरकवून लिहिण्याची रूढी असेल, तर प्रश्न १५.

१२. ड्रमची पुस्तिका किक सी१ वर सांगते, माझ्या पॅडच्या एडिटरमध्ये सी२ आहे. कुठे लावू?

३६ वर. १९९१ च्या जनरल मिडीमध्ये तालवाद्यं दहाव्या चॅनलवर असतात आणि प्रत्येकाला आकडा ठरवून दिला आहे: ३५ आणि ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडा हाय-हॅट, ४९ क्रॅश. ३६ ला सी३ पद्धतीत सी१ म्हणतात, सी४ पद्धतीत सी२, आणि एफएल स्टुडिओसारख्या ठिकाणी सी३. तुमची पुस्तिका आणि एडिटर एकच पट्टी सांगत आहेत.

ड्रममध्ये ही चूक फार विचित्र ऐकू येते, कारण सप्तक सरकलं की आवाज खाली-वर न होता वाद्यच बदलतं. ३६ ऐवजी ४८ गेला तर किकच्या जागी टॉम वाजतो. पॅड लावताना नावाकडे बघूच नका. एडिटरमध्ये आकडा दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

१३. पुस्तिकेत लिहिलेल्या कीस्विचच्या पट्टीवर काहीच होत नाही. किंवा उलट, तिथे वाद्यच वाजायला लागतं.

कीस्विच म्हणजे वाद्याच्या रेंजबाहेरची पट्टी, जी दाबली की वाजवण्याची शैली बदलते: लांब गज, तुटक, पिझिकाटो. पुस्तिका लिहिणाऱ्याने आपल्या सॅम्पलरमध्ये दिसलेली नावं लिहिलेली असतात. कॉन्टॅक्टसाठी बनवलेल्या लायब्ररीत सी० म्हणजे २४. तुम्ही सी४ पद्धतीच्या होस्टमध्ये सी० काढलात तर १२ गेला, आणि तिथे काहीही नाही. उलट प्रकारही होतो. पुस्तिका सी४ पद्धतीची, होस्ट सी३ पद्धतीचा. मग तुमची नोट अपेक्षेपेक्षा एक सप्तक वर पडते आणि सरळ वाद्याच्या रेंजमध्ये शिरते.

उपाय असा: प्लगइनची खिडकी उघडा, त्यातल्या चित्रात रंगीत दाखवलेली कीस्विचची पट्टी माउसने दाबून शैली बदलते का बघा, मग कीबोर्डवर तीच पट्टी उजळेपर्यंत शोधा आणि रेकॉर्ड झालेला आकडा टिपून ठेवा. छोट्या कीबोर्डवर २४ पर्यंत पोचायला ऑक्टेव्हचं बटण खाली दाबावं लागतं; वाजवायला सुरुवात करताना ते परत आणायला विसरू नका.

१४. सॅम्पलच्या फायलींच्या नावात नोट आहे, पण सॅम्पलरने सगळ्या एक सप्तक सरकवून लावल्या. आता?

काही सॅम्पलर फाइलच्या नावातून मूळ नोट ओळखतात. "सी३" वाचून तो ६० धरायचा की ४८, हे त्यांच्या पद्धतीवर ठरतं. फायली एका पद्धतीने नाव दिलेल्या आणि सॅम्पलर दुसऱ्या पद्धतीचा असला की सगळंच्या सगळं सरकतं. एकसारखं सरकलं आहे म्हणून घाबरू नका: सगळं निवडा, मूळ नोट एकदम १२ ने हलवा, झालं.

अशी लायब्ररी तुम्ही स्वतः बनवत असाल तर मात्र मूळ नोट फाइलच्या आत लिहा. डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये सॅम्पलची माहिती ठेवायचा एक तुकडा असतो आणि त्यात मूळ नोट मिडी आकड्याने लिहिता येते. साउंडफाँट या सॅम्पल-लायब्ररीच्या फाइल-प्रकारातही आकडाच असतो. एसएफझेड या दुसऱ्या प्रकारात आकडा किंवा नाव दोन्ही चालतात, आणि तिथे सी४ म्हणजे ६० हे निश्चित आहे. तरी मी आकडाच लिहितो. फाइलच्या नावातही "पियानो_०६०" असं लिहिलं तर कोणत्याही काळात कुणीही उघडलं तरी प्रश्न येणार नाही. शून्य आधी लावल्याने यादीही चढत्या क्रमाने लागते.

१५. गिटारची सगळ्यात जाड तार ई२ की ई३? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचलं.

इथे दोन वेगळे गोंधळ एकमेकांत अडकले आहेत.

पहिला रूढीचा. गिटारचं स्टाफ नोटेशन जसं वाजतं त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. बेस गिटार आणि डबल बेसचंही तसंच. जाड ई तार प्रत्यक्षात ४० वर वाजते, सी४ पद्धतीत ई२. कागदावर ती ई३ च्या जागी, म्हणजे ५२ वर दिसते. बेसची ई तार २८ वर. पिकोलो याच्या उलट, लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, आणि ग्लॉकेनश्पील दोन सप्तकं वर.

दुसरा गोंधळ पद्धतीचा. सी३ पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच ४० "ई१" दिसतो. म्हणजे एकाच तारेला कुणी ई१, कुणी ई२, कुणी ई३ म्हणेल आणि तिघांकडेही कारण असेल. आधी विचारा: वाजतं ते सांगताय की लिहिलेलं? मग विचारा: तुमच्याकडे ६० ला काय म्हणतात?

कागदावरचं गिटारचं संगीत पियानो रोलमध्ये उतरवत असाल तर सगळं एक सप्तक खाली घ्या. क्लेफच्या (ओळीच्या सुरुवातीच्या स्वरचिन्हाच्या) खाली बारीक ८ लिहिलेला असेल तर नोटेशनचं सॉफ्टवेअर ते स्वतः करतं. नसेल तर ते काम तुमचं.

१६. एके ठिकाणी "सी-१" लिहिलं होतं. हा सी एक की सी उणे एक?

लिहिणारा कोण आहे त्यावर. ट्रॅकर प्रकारच्या, म्हणजे नोटा उभ्या यादीत मजकुरासारख्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोटेला तीन खणांची जागा असते: अक्षर, मग शार्पचं चिन्ह किंवा नुसती आडवी रेघ, मग सप्तक. तिथे आडवी रेघ "शार्प नाही" एवढंच सांगते, सी-४ म्हणजे साधा सी, चौथं सप्तक. इतर सॉफ्टवेअरमध्ये तीच रेघ वजाबाकीची खूण असते. "सी-१" वाचणाऱ्याने एकाचा अर्थ दुसऱ्यावर लावला तर दोन सप्तकांचा फरक पडतो. शिवाय रेनॉइजसारख्या ट्रॅकरमध्ये सी-४ हा ४८ असतो, ६० नव्हे.

मजकुरात लिहिताना मी "उणे" हा शब्दच लिहितो.

१७. बी-शार्प ३ आणि सी-फ्लॅट ४ यांचे आकडे काय?

सी४ पद्धतीत बी-शार्प ३ म्हणजे ६० आणि सी-फ्लॅट ४ म्हणजे ५९. क्रमांक अक्षराला चिकटतो, आवाजाला नाही. बी३ अर्धस्वर वर चढवला की तो सी४ एवढाच वाजतो, पण नावात ३ राहतो. नावावरून आकडा काढणारा कोड स्वतः लिहित असाल तर आधी अक्षर आणि सप्तक यांचा आकडा काढा, शार्प-फ्लॅट शेवटी मिळवा. आधी बी-शार्पचं सी करून मग सप्तक लावलंत तर उत्तर बरोबर १२ ने चुकेल.

१८. मिडी मॉनिटर ४८ दाखवतो, पण आवाज वरचा येतो.

मॉनिटर हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या गटांनी मोजायच्या पद्धतीत) दाखवतोय का ते बघा. हेक्समधला ४८ म्हणजे दशमानातला ७२, मधल्या सी-च्या वरचा सी. दशमानातला ४८ हा मधल्या सी-च्या खालचा. दोन्ही सी असल्यामुळे चूक लक्षात येत नाही, फक्त दोन सप्तकांनी फसगत होते. मधला ६० हेक्समध्ये "३सी" असा दिसतो. "सी३" शी त्याचं साम्य निव्वळ योगायोगाचं आहे.

१९. जुन्या युरोपीय पुस्तकात आकडेच नाहीत, अक्षरांवर रेघा आहेत. ते कसं वाचायचं?

ती हेल्महोल्ट्झची पद्धत. त्यात मोठी आणि लहान लिपी आणि वरच्या बारीक रेघा यांवरून सप्तक ओळखतात. मधला सी म्हणजे लहान लिपीतला, एक रेघ असलेला. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठीत ती उतरवताना थेट मिडी आकडा देणंच बरं. जर्मन पुस्तक असेल तर आणखी एक: तिथे आपल्या बी-ला एच म्हणतात आणि बी म्हणजे बी-फ्लॅट.

२०. मिडी २.० आल्यावर हे मिटेल का?

२०२० मध्ये मिडी २.० आलं. त्यात पट्टीचा जोर १६ बिटांत सांगता येतो आणि नोटेसोबत नेमकी स्वरउंचीही पाठवता येते. नोटेचा आकडा मात्र ० ते १२७ च राहिला आणि मधला सी ६० च. नाव पाठवण्याची गरज तिथेही नाही, त्यामुळे पाट्यांचा फरक जसा होता तसाच आहे.

२१. सोबत काम करणाऱ्याला नोट कळवायची तर नेमकं कसं लिहू?

पहिल्याच ओळीत पद्धत सांगा आणि प्रत्येक नोटेशेजारी आकडा द्या. रेंज असेल तर दोन्ही टोकांचे आकडे द्या. लिहिलेलं आणि वाजणारं वेगळं असेल तर "वाजणारी नोट" असं स्पष्ट म्हणा. मी पाठवतो तो मजकूर साधारण असा असतो:

"मधला सी = सी४ = ६०. बेस: ई१ (२८) ते जी३ (५५), वाजणारी नोट. कीस्विच: सी१ (२४) लांब, डी१ (२६) तुटक. किक ३६, स्नेअर ३८. कोणत्याही ट्रॅकवर ट्रान्सपोज नाही."